दहा वर्षं एका फ्रीलान्स प्लॅटफॉर्मवर: सरकारं डळमळतात तेव्हा तो कसा वागतो

पाचपैकी तीन तारे. सगळं सुरळीत असताना मी साडेचार दिले असते. गडबडीच्या आठवड्यात दोनसुद्धा जिवावर आले असते.

प्लॅटफॉर्मचं नाव लिहीत नाही. माझी कामं अजून त्याच्यावरच चालू आहेत आणि एक तक्रारही अजून उघडी आहे. जे तिथे आहेत ते चार ओळींत ओळखतील. बाकीच्यांनी आपापल्या प्लॅटफॉर्मला हेच प्रश्न विचारून बघावेत. मी २०१५ पासून तिथे आहे. सॉफ्टवेअरच्या मदत-पुस्तिका लिहिते आणि प्रशिक्षणाच्या व्हिडिओंची सबटायटल्स करते. साइन-अप सोपं आहे, ॲप बरं आहे, कमिशन १० टक्के आहे. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. वार्षिक वर्गणी भरताना आपण कमिशन बघतो, किती कामं लागतात ते बघतो. पण क्लायंटच्या देशात मोठी राजकीय उलथापालथ झाली तर आपले पैसे, आपला रेट आणि आपला स्कोअर (प्लॅटफॉर्मनं आपल्याला दिलेले गुण) यांचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

पहिला दणका २३ जून २०१६ चा. ब्रिटनमध्ये युरोपियन युनियन सोडण्याबद्दलचं सार्वमत होतं. माझे २,४०० पौंड एस्क्रोत, म्हणजे क्लायंटनं आधीच भरून प्लॅटफॉर्मकडे ठेवलेल्या ठेवीत, अडकलेले होते, काम देऊन झालं होतं, फक्त क्लायंटनं बटण दाबायचं बाकी होतं. त्या रात्री पौंड १.५० डॉलरच्या आसपास होता. सकाळपर्यंत तो १.३३ च्या घरात घसरला, १९८५ नंतरचा नीचांक. क्लायंट सज्जन माणूस. त्यानं शुक्रवारी सकाळी कामावर येताच पहिलं काम काय केलं, तर माझं पेमेंट मंजूर केलं! त्याला वाटलं बिचारीला ताटकळत ठेवू नये. प्लॅटफॉर्म तेव्हा सगळे पैसे मंजुरीच्या क्षणी आपोआप डॉलरमध्ये बदलायचा. थांबायची सोयच नव्हती. सुमारे ३०० डॉलर एका रात्रीत गेले, आणि माझा रेट मात्र कागदावर एका पेनीनंही कमी झालेला नव्हता.

पुढे त्यांनी बहुचलनी वॉलेट आणलं. पौंड पौंडातच ठेवा, हवे तेव्हा बदला. ही सोय चांगली आहे, तिला पूर्ण गुण. फक्त तिच्यामुळे निर्णय माझ्या डोक्यावर आला, आणि मी काही चलनबाजारातली जाणकार नाही. २३ सप्टेंबर २०२२ ला ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारनं मोठ्या करकपातीचा तो गाजलेला मिनी-बजेट मांडला आणि सोमवारी, २६ तारखेला, पौंड १.०३ डॉलरपर्यंत कोसळला. मी घाबरून दोन दिवसांनी सगळे पौंड १.०७ ला काढून टाकले. डिसेंबरात तोच पौंड १.२० च्या वर होता. यात प्लॅटफॉर्मचा दोष नाही. दोष एवढाच, की एरवी चलन बदलताना २ टक्के कापणाऱ्या या मंडळींनी त्या आठवड्यात साडेतीन टक्के कापले. स्क्रीनवर बारीक अक्षरात बाजार अस्थिर असल्याची सूचना होती. म्हणजे ज्या दिवशी आपल्याला सोय सर्वात जास्त लागते, त्याच दिवशी ती महाग.

पण त्याच मिनी-बजेटनं मला जो खरा धडा शिकवला तो पौंडाचा नव्हता. थोडं मागून सांगावं लागेल.

ब्रिटनमध्ये आयआर-३५ नावाचा एक करनियम आहे. स्वतःची कंपनी काढून बिलं पाठवणारा कॉन्ट्रॅक्टर खरा स्वतंत्र आहे की कर वाचवण्यासाठी वेश बदललेला नोकरदार, हे तो ठरवू पाहतो. आधी हे ठरवायची जबाबदारी कॉन्ट्रॅक्टरचीच होती. एप्रिल २०१७ मध्ये सरकारी खात्यांसाठी आणि ६ एप्रिल २०२१ पासून मध्यम-मोठ्या खाजगी कंपन्यांसाठी ती क्लायंटवर टाकली. चूक झाली तर कर क्लायंटच्या गळ्यात. साहजिकच कित्येक कंपन्यांनी डोकं न लावता सरसकट ठरवलं की असे कॉन्ट्रॅक्टर नकोतच. माझ्यासारख्या, ब्रिटनबाहेर बसून काम करणाऱ्यांना तो नियम लागत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात मला दोन नवे ब्रिटिश क्लायंट मिळाले. माझी इंग्रजी एकाएकी सुधारली म्हणून नव्हे, तर माझ्यामागे कागदपत्रांचं लचांड नव्हतं म्हणून. दुसऱ्याचं दुखणं माझ्या पथ्यावर पडलं होतं, हे कबूल करायला हवं.

मग २३ सप्टेंबर २०२२. त्याच मिनी-बजेटमध्ये घोषणा झाली की २०१७ आणि २०२१ चे हे बदल एप्रिल २०२३ पासून रद्द होणार. ब्रिटनमधल्या कॉन्ट्रॅक्टरांची दिवाळी! माझ्या मोठ्या क्लायंटच्या प्रोजेक्ट मॅनेजर बाई त्याच आठवड्यात कॉलवर म्हणाल्या, एप्रिलपासून त्यांना पूर्वीचा स्थानिक माणूस परत घेता येईल, तेव्हा माझं वर्षभराचं नूतनीकरण जरा थांबवून ठेवू या. प्लॅटफॉर्मवर माझ्या करारापुढे पिवळ्या रंगात 'प्रलंबित' उमटलं.

मी दोन आठवडे तो पिवळा रंग बघत बसले. तिसऱ्या आठवड्यात माझा धीर सुटला. मी स्वतःहून प्रोफाइलवरचा रेट १५ टक्क्यांनी खाली आणला आणि एक-दोन किरकोळ कामं त्या रेटला उचलली. कोणी मागितलं नव्हतं, कोणी घासाघीस केली नव्हती.

१७ ऑक्टोबरला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी ती घोषणाच मागे घेतली. नियम होते तसेच राहिले. २४ दिवसांचा खेळ. त्यानंतर तीन दिवसांनी ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. बाईंचा मेसेज आला, नूतनीकरण करून टाकू. पण आता त्यांच्या स्क्रीनवर माझा चालू रेट १५ टक्के कमी दिसत होता आणि शेजारी 'अलीकडे स्वीकारलेला रेट' हा रकानाही होता. त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं, मग आपणही त्याच रेटला करायचं ना?

माझी मागणी कमी झालीच नव्हती. राजकारणानं माझा रेट पाडला नाही, मी पाडला, आणि प्लॅटफॉर्मनं तो गोंदवून ठेवला. तो रकाना लपवता येत नाही. आठवण पक्की, पण त्या आठवणीला तारीख-वार नाही. हा रेट कुठल्या आठवड्यात, कशामुळे उतरला होता, हे तिथे कुठेही दिसत नाही. मला जुन्या रेटवर परत यायला अकरा महिने लागले. आता घाबरले तरी प्रोफाइलला हात लावत नाही. फारच गरज पडली तर त्या एका क्लायंटला खाजगी प्रस्तावात सूट देते, ती त्या रकान्यात चढत नाही. ही गोष्ट मदत-विभागात कुठेही लिहिलेली नाही.

आता घड्याळाबद्दल. सगळ्या प्लॅटफॉर्मची असतात तशी याचीही दोन घड्याळं आहेत. काम दिल्यावर क्लायंटनं १४ दिवसांत काहीच केलं नाही तर पैसे आपोआप फ्रीलान्सरला सुटतात. उलट क्लायंटनं पैसे परत मागितले आणि फ्रीलान्सरनं ७ दिवसांत उत्तर दिलं नाही, तर पैसे आपोआप क्लायंटला जातात. एरवी हे न्याय्य आहे.

ढाक्याचा एक मुलगा माझ्या पुस्तिकांची चित्रं करतो. वयानं बराच लहान, मला 'आपू', म्हणजे ताई, म्हणतो. त्याचे स्वतःचे चार-पाच क्लायंटही याच प्लॅटफॉर्मवर होते. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात सरकारी नोकऱ्यांमधल्या आरक्षणावरून विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं आणि १८ जुलैच्या रात्री देशभराचं इंटरनेट बंद झालं. ब्रॉडबँड २३ तारखेपासून हळूहळू परतू लागलं, मोबाइल इंटरनेट २८ ला. या मुलाचं सगळं काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालायचं. म्हणजे त्याच्यासाठी पूर्ण दहा दिवस अंधार.

१९ तारखेला त्याच्या युरोपातल्या एका क्लायंटनं एका दुरुस्तीबद्दल विचारलं, उत्तर आलं नाही म्हणून वैतागून पैसे परत मागितले. घड्याळ सुरू झालं. २६ ला संपलं. २८ ला मुलगा ऑनलाइन आला तेव्हा त्याच्या तीन आठवड्यांच्या कामाचे पैसे परत गेलेले होते आणि स्कोअर ९८ वरून ८६ वर आला होता. ९० च्या खाली गेलं की शोधात नाव दुसऱ्या पानावर जातं. दुसऱ्या पानावर कोण जातंय?

आणि आता माझी बाजू ऐका. त्याच शहरातल्या एका प्रशिक्षण संस्थेला मी १० जुलैला सबटायटल्स पाठवली होती. तेही ऑफलाइन. २४ तारखेला माझं १४ दिवसांचं घड्याळ भरलं आणि पैसे माझ्या खात्यात टपकले. त्यांनी फाइल उघडूनही पाहिली नव्हती. एकाच शहरातला एकच अंधार, त्यात मला पैसे मिळाले आणि त्याचे गेले. ऑगस्टमध्ये, शेख हसीना ५ तारखेला देश सोडून गेल्यानंतर काही आठवड्यांनी, त्या संस्थेनं दुरुस्त्या पाठवल्या. मी त्या एक पैसा न घेता केल्या. दुसरं काय करणार?

मुलाच्या वतीनं मी सपोर्टला लिहिलं. सपोर्टचा सूर असा, की जोडणी चालू ठेवणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि इंटरनेट बंद असल्याचा पुरावा म्हणून सेवा देणाऱ्या कंपनीचं पत्र आणावं. अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद होतं, जगभराच्या बातम्यांत होतं, आणि यांना हवं पत्र! तिकीट दोनदा आपोआप बंद झालं, दोनदा मी उघडलं. तक्रार उघडी आहे म्हटलं ती हीच.

इतकं झोडपल्यावर चांगलंही सांगते, कारण एस्क्रोनं मला एकदा खरोखर वाचवलंय. २० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी परदेशी विकास मदत ९० दिवस गोठवण्याचा आदेश काढला. मी तेव्हा आरोग्य प्रशिक्षणाच्या व्हिडिओंवर काम करत होते. क्लायंट एक मध्यस्थ संस्था होती, पैसा अमेरिकी मदतीचा. आठवड्याभरात काम थांबवा असा निरोप आला. मार्चमध्ये तर यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी जाहीर केलं. माझ्या पाच टप्प्यांपैकी तिसऱ्या टप्प्याचे पैसे आधीच एस्क्रोत भरलेले होते, ते मला पूर्ण मिळाले. चौथा-पाचवा हवेत विरला. माझी एक मैत्रीण त्याच संस्थेसाठी प्लॅटफॉर्मबाहेर, साध्या इन्व्हॉइसवर, ६० दिवसांच्या मुदतीनं काम करत होती. तिची दोन महिन्यांची बिलं अडकली ती अडकलीच. १० टक्के कमिशन कशाचं, याचं उत्तर मला त्या महिन्यात मिळालं.

तेव्हापासून मी टप्पे दोन आठवड्यांहून मोठे ठेवत नाही. क्लायंट कुरकुरतात, दर वेळी बँकेचं शुल्क पडतं म्हणतात. पडू दे.

'पॉज'चं बटण हीसुद्धा चांगली गोष्ट. २०२५ च्या १ ऑक्टोबरला अमेरिकेचं सरकारी कामकाज निधीअभावी ठप्प झालं, ते १२ नोव्हेंबरला सुरू झालं. ४३ दिवस, तोवरचा सर्वात लांब खंड. त्याआधीचा विक्रम २०१८-१९ चा, ३५ दिवसांचा. तिथल्या सरकारी नोकरांना बंद काळातला पगार नंतर देण्याचा कायदा २०१९ मध्ये झालाय. कॉन्ट्रॅक्टरांना मात्र असा कायदा नाही, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या कॉन्ट्रॅक्टरला, म्हणजे मला, तर कोण विचारतो. सरकारी खात्याची पुस्तिका करणाऱ्या माझ्या क्लायंट कंपनीनं २ ऑक्टोबरला पॉज दाबलं. करार जिवंत राहिला, स्कोअरला धक्का नाही, कामाचे तास शून्य. नोव्हेंबरात पुन्हा सुरू. खिशाला ४३ दिवसांची भोकं पडली ती पडलीच, पण निदान नव्यानं बोली लावत बसावं लागलं नाही. पॉज दाबायचा अधिकार फक्त क्लायंटला आहे, ही त्यातली गोम. ढाक्याच्या मुलाला तो असता तरी दाबायला इंटरनेट कुठून आणलं असतं म्हणा.

वर्गणीदारांसाठी 'मागणीचा आलेख' नावाचं एक सदर आहे, जाहिरातीत त्याचा फार गाजावाजा असतो. तुमच्या कौशल्याला गेल्या ३० दिवसांत किती मागणी, शेजारी हिरवा नाहीतर लाल बाण. शांत काळात करमणूक म्हणून ठीक आहे. उलथापालथीत तो दिशाभूल करतो, कारण मागणी ३० दिवसांत बदलतच नाही. युक्रेनचं बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं पूर्ण ताकदीनिशी हल्ला केला, आणि तरीही त्या वर्षी युक्रेनची आयटी सेवांची निर्यात घटली नाही. उलट थोडी वाढून ७ अब्ज डॉलरच्या वर गेली. घट दिसली ती २०२३ मध्ये. हातातले करार लोकांनी जनरेटरवर, तळघरांत बसून पुरे केले, आणि क्लायंटनीही ते मोडले नाहीत. पण नव्या सह्या करताना त्यांचे हात आखडले. माझ्या छोट्या जगातही हेच होतं. गडबडीच्या पहिल्या महिन्यात उलट फुटकळ कामं वाढतात, कारण कंपन्या कायमची भरती थांबवतात आणि तेवढ्यापुरता कोणीतरी हवा असतो. आलेख हिरवा होतो. खड्डा सात-आठ महिन्यांनी येतो, जेव्हा सुरूच न झालेल्या प्रकल्पांच्या पुस्तिका लिहायच्या नसतात. तेव्हा बातम्यांत सगळं शांत असतं आणि आपण स्वतःलाच दोष देत बसतो.

मी आता आलेखाऐवजी एकच गोष्ट बघते: क्लायंटला उत्तर द्यायला किती तास लागले. एरवी चार तासांत उत्तर देणारा माणूस दोन दिवस घ्यायला लागला, की समजायचं तिकडे वरच्या मजल्यावर काहीतरी अडलंय. पैसे अडकतात ते नंतर आणि रेटवर बोलणं त्याच्याही नंतर.

सगळीच उलथापालथ पैशाला लागते असंही नाही. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला. माझी सोलच्या क्लायंटकडे दुसऱ्या दिवशी सकाळची डेडलाइन. मी रात्रभर बातम्या बघत, फाइल पाठवावी की नाही या विचारात. संसदेनं मध्यरात्रीनंतर तो फेटाळला, सहाएक तासांत सगळं मागे. सकाळी क्लायंटचा मेसेज: फाइल अजून आली नाही, काही अडचण आहे का? प्लॅटफॉर्मचा लाल फलक, त्या भागातल्या व्यवहारांना विलंब होऊ शकतो म्हणून, दोन दिवसांनी झळकला.

निर्बंध लागले तर काय, हेही घेण्याआधी विचारा. मार्च २०२२ मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड, पेपॅल यांनी रशियातली सेवा थांबवली. अपवर्क या दुसऱ्या फ्रीलान्स प्लॅटफॉर्मनं रशिया आणि बेलारूसमधून बाहेर पडत असल्याचं सांगितलं आणि १ मेपर्यंत आवरायला वेळ दिला. आमच्या प्लॅटफॉर्मनं दहा दिवस दिले. बेलारूसच्या राजधानीतली, मिन्स्कमधली माझी टेस्टर शिल्लक पैसे कशीबशी काढू शकली, पण तिचे सहा वर्षांचे अभिप्राय गेले. ते कुठेच हलवता येत नाहीत. आता मी माझे अभिप्राय वर्षातून दोनदा पीडीएफ करून ठेवते. वेडेपणा वाटेल, वाटू दे.

तर, घ्यावं का? तुमचे क्लायंट दोन-तीन देशांत विखुरलेले असतील तर घ्या. एस्क्रो आणि वॉलेट या दोन गोष्टींवरच वर्गणी वसूल होते. सगळी मदार एकाच देशावर असेल तर कुठलाच प्लॅटफॉर्म वाचवणार नाही. मी वार्षिक वर्गणी सोडून मासिक घेतली आहे. थोडी महाग पडते, पण उद्या पाय काढायचा झाला तर वर्षाचे पैसे बुडत नाहीत.

ढाक्याच्या मुलाचा स्कोअर आता ९३ वर आलाय. हल्ली तो प्रत्येक कराराच्या वर्णनात एक ओळ स्वतःहून टाकतो, की त्याच्या देशात इंटरनेट बंद झालं तर उत्तराची मुदत तितक्या दिवसांनी पुढे जाईल. आतापर्यंत सात क्लायंटना पाठवली. पाच जणांनी काही न बोलता मान्य केली. दोघांनी विचारलं, असं खरंच होतं का?